वाचकांचे प्रश्न : चार्टचे रंग, कोडमधून

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: कोड लिहून चार्ट काढताना स्वतःचं पॅलेट कसं बनवायचं. उत्तरांत रंग लाल, हिरवा, निळा या क्रमाने ० ते २५५ च्या आकड्यांत दिले आहेत. मॅटप्लॉटलिबला (पायथनमधली चार्ट काढायची लायब्ररी) असे तीन आकडे द्यायचे तर प्रत्येक आकडा आधी २५५ ने भागा. त्याला ० ते १ मधलेच आकडे चालतात, नाहीतर पहिल्याच ओळीला एरर येते.

प्रश्न : सांताक्रूझ आणि कुलाब्याच्या रोजच्या पावसाचा हीटमॅप काढतोय. आडवे दिवस, उभी वर्षं. पांढऱ्यापासून गडद निळ्यापर्यंत पॅलेट दिलं, तर सांताक्रूझचा सगळा चार्ट पांढुरका आणि मध्येच एक काळानिळा चौकोन. दोन्हींना रंगांची एकच पट्टी लावल्यामुळे कुलाबा तर कोराच दिसतो. मुंबईत पाऊसच पडत नाही असं वाटतं! – विद्यार्थी, माटुंगा

उत्तर : तो काळानिळा चौकोन म्हणजे २६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. (पावसाची नोंद सकाळी साडेआठ ते साडेआठ अशी धरतात. तुमच्या फाइलमध्ये हा आकडा २७ तारखेसमोर दिसला तर दचकू नका.) तुम्ही पट्टी शून्यापासून कमाल आकड्यापर्यंत सरळ ताणली, म्हणून सगळ्यात गडद शेड त्या एका दिवसाला गेली आणि बाकीचे सगळे पावसाळे उरलेल्या फिक्या शेड्समध्ये कोंबले गेले. त्याच दिवशी कुलाब्याला ७४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस होता. हवामान खात्याच्या हिशेबात तो मुसळधार, पण तुमच्या पट्टीवर तो जेमतेम आठ टक्क्यांवर येतो.

अशा वेळी हात लॉग स्केलकडे, म्हणजे दर पायरीला ठरावीक पटीने वाढणाऱ्या पट्टीकडे जातो. पावसाला ते सोयीचं नाही. कोरड्या दिवसाच्या शून्याचा लॉग निघत नाही, आणि वाचणाऱ्यालाही त्या पट्टीवरून काही उमगत नाही. त्यापेक्षा खात्याचेच वर्ग घ्या: ०.१ पासून अतिहलका, २.५ पासून हलका, १५.६ पासून मध्यम, ६४.५ पासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. सहा वर्ग, सहा रंग.

मॅटप्लॉटलिबमध्ये सहा रंगांची यादी लिस्टेडकलरमॅपला द्या आणि वर्गांच्या सीमा बाउंडरीनॉर्मला. कुठला आकडा कुठल्या रंगात जाईल ते हे नॉर्म ठरवतं. सीमा सात लागतील: वरच्या सहा आणि शेवटी १००० सारखी एक मोठी. बाउंडरीनॉर्म रंगांची संख्याही विचारतं. तिथे ६ लिहा. बऱ्याच नमुना कोडमध्ये २५६ लिहिलेलं असतं आणि तेच उचललं जातं. मग नॉर्म वर्गांचे क्रमांक ० ते २५५ मध्ये पसरवतं, तुमच्या पॅलेटमध्ये रंग मात्र सहाच, त्यामुळे पहिला वर्ग सोडून सगळे चौकोन शेवटच्या गडद रंगात रंगतात. चार्ट आधी सगळा पांढरा होता आणि आता सगळा निळा झाला, तर हाच आकडा तपासा. सीमेवरची किंमत वरच्या वर्गात जाते, म्हणजे बरोबर ६४.५ ला मुसळधारचा रंग मिळतो. इथे आपल्याला तेच हवं आहे.

आता शून्य आणि नोंदच नसणं. कोरडा दिवस पांढरा ठेवा: पॅलेटचा 'अंडर' रंग पांढरा केलात की ०.१ खालचं सगळं त्यात जातं. नोंद नसलेला दिवस राखाडी हवा, तो 'बॅड' रंग. हे सांगितलं नाही तर मॅटप्लॉटलिब 'बॅड' पारदर्शक धरतं, मागचा पांढरा कागद दिसतो आणि यंत्र बंद पडलेला दिवस कोरडा दिवस म्हणून खपून जातो. दोन्ही रंग 'विथ एक्स्ट्रीम्स' या मेथडने एकदमच देता येतात. ती पॅलेटची नवी प्रत परत करते, त्यामुळे ती प्रत व्हेरिएबलमध्ये धरा. नुसती मेथड चालवून पुढे गेलात तर काहीच बदललेलं दिसणार नाही.

प्रश्न : वरच्यासारखे सहा निळे रंग हाताने निवडताना माझे मधले दोन कायम सारखे दिसतात. एचएसएलमध्ये (छटा, संपृक्तता आणि उजळपणा अशा तीन आकड्यांत रंग सांगायची पद्धत) उजळपणा समान अंतराने कमी केला तरी तेच. – वाचक, ठाणे

उत्तर : एचएसएलमधल्या 'एल'वर, म्हणजे उजळपणावर, विसंबू नका. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांचाही एचएसएल उजळपणा ५० टक्के येतो. डोळ्यांना जवळच्या अशा सीआयई-लॅब मापात तोच पिवळा ९७ आणि निळा ३२. एचएसएल ही स्क्रीनच्या आकड्यांची सोपी मांडणी आहे, नजरेचा हिशेब तिच्यात नाही. समान पायऱ्या हव्यात तर लॅबचंच गोल रूप असलेलं एलसीएच वापरा. त्यात उजळपणा, तीव्रता आणि छटा असे तीन आकडे असतात.

सहा पायऱ्यांचा एक तयार निळा संच देतो. छटा सगळीकडे २६५ अंश. उजळपणा ९५, ८१, ६७, ५३, ३९, २५, म्हणजे दर पायरीला १४ ने कमी. तीव्रता अनुक्रमे ५, २०, ३२, ४०, ३५, २५. तीव्रता मध्ये फुगवून दोन्ही टोकांना उतरवली आहे, आणि ही काही हौस नव्हे. अगदी फिका किंवा अगदी गडद रंग स्क्रीन फार तीव्र दाखवूच शकत नाही. याच संचात शेवटच्या पायरीला तीव्रता ३० केली तर आरजीबीत बदलल्यावर लाल आकडा शून्याखाली जातो. तो रंग स्क्रीनला दाखवताच येत नाही. बऱ्याच लायब्ररी मग तो आकडा गपचूप शून्यावर आणतात आणि तुमची छटा व उजळपणा दोन्ही सरकतात.

पायथनमध्ये कलरस्पेशियस ही लायब्ररी एलसीएचमधून एसआरजीबीत (स्क्रीनच्या नेहमीच्या लाल-हिरवा-निळा आकड्यांत) रंग बदलून देते आणि शून्याखालचे किंवा १ च्या वरचे आकडे तसेच दाखवते. तपासायला हे फार उपयोगी पडतं. असा आकडा दिसला की त्या पायरीची तीव्रता दोन-दोनने उतरवत चला. जावास्क्रिप्टवाल्यांना डी-थ्री लायब्ररीत 'डिस्प्लेएबल' आहे, रंग स्क्रीनवर दाखवता येतो का याचं ते हो-नाहीत उत्तर देतं.

दोन टोकांचे रंग देऊन मधले कोडला काढायला सांगणार असाल तर मिश्रण कुठल्या मापात होतंय ते बघा. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा साध्या आरजीबीत मिसळला की बरोबर मध्यावर मळका राखाडी मिळतो. जावास्क्रिप्टच्या क्रोमा-जेएस लायब्ररीत स्केलला 'लॅब' मोड द्या आणि 'करेक्ट लाइटनेस' चालू करा, म्हणजे उजळपणाच्या पायऱ्या समान होतात. मॅटप्लॉटलिबचं 'लिनिअरसेगमेंटेडकलरमॅप'मधलं 'फ्रॉम लिस्ट' मात्र सरळ आरजीबीतच मिसळतं. त्याला दोन टोकं देऊन मोकळं होऊ नका. एलसीएचमधून काढलेले सात-आठ रंग द्या, मग मधल्या फटी इतक्या लहान राहतात की फरक कळत नाही.

प्रश्न : मेट्रोच्या प्रवासीसंख्येचा डॅशबोर्ड आहे. लाइन १, २अ, ३ आणि ७. फिल्टरने एखादी लाइन काढली की उरलेल्यांचे रंग बदलतात. काल लाल असलेली लाइन आज निळी! शिवाय पिवळी रेष पांढऱ्यावर दिसतच नाही. – अंधेरी

उत्तर : रंग क्रमाने वाटले जातात म्हणून हे होतं. मॅटप्लॉटलिबच्या ठरलेल्या चक्रात दहा रंग आहेत. पहिल्या रेषेला पहिला, दुसरीला दुसरा, अकरावीला परत पहिला. फिल्टरने एक रेष गळली की मागच्या सगळ्या एक घर पुढे सरकतात. उपाय म्हणजे रंग नावाला बांधायचा. एक डिक्शनरी करा, त्यात 'की' म्हणजे लाइनचं नाव आणि 'व्हॅल्यू' म्हणजे रंग, आणि ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवून प्रत्येक चार्टमध्ये तिथूनच घ्या. पायथनच्या सीबॉर्न लायब्ररीत ती 'पॅलेट'ला द्यायची, प्लॉटली एक्सप्रेसमध्ये 'कलर डिस्क्रीट मॅप'ला, आणि आर भाषेच्या जीजीप्लॉट-टूमध्ये नावं असलेला व्हेक्टर 'स्केल कलर मॅन्युअल'ला.

नावात गडबड झाली तर तिघांचे स्वभाव वेगळे. डेटात 'लाइन ७' च्या मागे एक स्पेस राहिली असेल तर सीबॉर्न एरर देऊन थांबतं. जीजीप्लॉट त्या रेषेला राखाडी रंग देतं. प्लॉटली काहीच बोलत नाही, आपल्या यादीतला पुढचा रंग लावून मोकळं होतं, आणि चूक सापडते ती मीटिंगमध्ये. डेटा वाचल्यावर लगेच नावांच्या कडेच्या स्पेस काढा आणि एकही नाव डिक्शनरीबाहेर नाही याची एका ओळीत खात्री करून घ्या.

रंगांचं म्हणाल तर मेट्रोच्या लाइनना अधिकृत रंग आहेतच: १ निळी, २अ पिवळी, ३ अ‍ॅक्वा, ७ लाल. मुंबईकरांच्या डोळ्यांत ते बसलेत, तेव्हा तेच ठेवा. डब्ल्यूसीएजी २.१ नुसार (वेबपानं सगळ्यांना वापरता यावीत म्हणूनचे निकष) चार्टमधल्या रेषेचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणाचं गुणोत्तर, किमान ३ ला १ हवा. पिवळा तिथे सपशेल नापास होतो. २४०, २२८, ६६ हा पिवळा पांढऱ्यावर फक्त १.३ देतो. तो मोहरीच्या रंगाकडे ओढा: १८४, १३४, ० केलात की ३.२ च्या वर जातो आणि लाइन अजून पिवळीच वाटते. ब्रँडचा नेमका पिवळाच हवा असा हट्ट असेल तर रेषेला गडद राखाडी किनार द्या. मॅटप्लॉटलिबच्या पाथ इफेक्ट्समध्ये 'विथ स्ट्रोक' आहे, मूळ रेषेपेक्षा दीड-दोन पॉइंट जाड ठेवा.

निळी आणि अ‍ॅक्वा शेजारी आल्या की गोंधळ होणार. त्यांच्यात छटेपेक्षा उजळपणाचा फरक जास्त ठेवा, आणि लेजंड (कुठला रंग कशाचा हे सांगणारी चौकट) काढून टाकून रेषेच्या उजव्या टोकालाच लाइनचं नाव लिहा. चार रेषांना लेजंड लागतोच कशाला?

प्रश्न : देवनार, माझगाव, बीकेसी अशा केंद्रांचा हवेचा निर्देशांक महिनाभराच्या तक्त्यात दाखवतो. रंग सरकारी, हिरव्यापासून लालपर्यंत. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला त्यातले काही वेगळेच ओळखू येत नाहीत. सरकारी रंग बदलू का? – चेंबूर

उत्तर : तक्ता कोणासाठी आहे त्यावर ठरवा. आपल्या राष्ट्रीय निर्देशांकाचे सहा वर्ग आहेत: ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर. लोकांना हे रंग बातम्यांतून ओळखीचे झालेत, म्हणून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायचा असेल तर तेच ठेवा. फक्त प्रत्येक चौकोनात आकडा लिहा. रंग दिसला नाही तरी आकडा दिसेल.

विश्लेषणासाठी असेल तर बदला, बिनधास्त. या पट्टीचा उजळपणा हिरव्यापासून पिवळ्यापर्यंत चढतो आणि मग लालपर्यंत उतरतो. हिरवा-लाल भेद ज्यांना कमी दिसतो त्यांच्याकडे उरतो तो उजळपणाच, आणि तोच इथे दोन्ही टोकांना गडद आहे. म्हणजे उत्तम हवा आणि भयंकर हवा एकसारखी! युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना हा त्रास असतो. इतरत्र प्रमाण कमी-जास्त असेल, पण पंचवीस जणांच्या ऑफिसात एखादा असणं सहज शक्य आहे. फिक्या पिवळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत एकाच दिशेने गडद होत जाणारे सहा रंग घ्या. कृती वरच्या निळ्या संचाचीच, फक्त छटा ९० पासून ४० कडे हळूहळू वळवा आणि तीव्रता पुन्हा तपासा.

तपासायला वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. क्रोम ब्राउझरच्या डेव्हटूल्समधल्या 'रेंडरिंग' टॅबमध्ये तळाशी दृष्टिदोषाची नक्कल आहे, त्यात ड्युटरनोपिया (हिरव्या रंगाची जाणीव नसण्याचा दोष) निवडून आपलाच चार्ट बघा. कोडमधून करायचं तर कलरस्पेशियसमध्ये दृष्टिदोषाची तीव्रता १०० ठेवून प्रत्येक रंगाचं रूपांतर करा आणि सगळ्या जोड्यांमधलं अंतर 'डेल्टा-ई'ने काढा. आमच्या मते १० च्या आतली जोडी असेल तर एक रंग बदलावा.

एकमेकांशी क्रम नसलेल्या गटांसाठी मासाताका ओकाबे आणि केई इतो यांचा आठ रंगांचा संच हाताशी ठेवा: काळा; २३०, १५९, ० नारिंगी; ८६, १८०, २३३ आकाशी; ०, १५८, ११५ हिरवा; २४०, २२८, ६६ पिवळा; ०, ११४, १७८ निळा; २१३, ९४, ० शेंदरी; २०४, १२१, १६७ गुलाबी-जांभळा. रंगभेदाच्या बाबतीत तो भरवशाचा. पण डोळे झाकून वापरू नका: पांढऱ्यावर नारिंगी आणि आकाशी यांचा कॉन्ट्रास्ट २.३ च्या आसपास अडकतो, पिवळा तर वर सांगितलाच. हे तिघे बार आणि मोठ्या ठिपक्यांसाठी ठेवा, बारीक रेषांना उरलेले पाच वापरा.

प्रश्न : आमच्या साहेबांना इंद्रधनुष्याचेच रंग हवेत. मॅटप्लॉटलिबचं 'व्हिरिडिस' पॅलेट त्यांना उदास वाटतं. – बेलापूर

उत्तर : त्यांना एक प्रयोग दाखवा. ० ते १०० असा सरळ चढत जाणारा पट्टा 'जेट' या इंद्रधनुषी पॅलेटमध्ये काढा. आकडे एकसारखे चढतात, तरी पिवळ्या आणि आकाशी पट्ट्यांवर डोळा अडतो आणि डेटात नसलेली धार दिसते. मॅटप्लॉटलिबने याच कारणाने २०१७ मध्ये २.० आवृत्तीत जेटऐवजी व्हिरिडिस मूळ पॅलेट (आपण काही सांगितलं नाही तर लागणारं) केलं. तरीही ऐकत नसतील तर 'टर्बो' द्या. गूगलमधून २०१९ मध्ये आलेलं हे इंद्रधनुष्य जेटपेक्षा बरंच सौम्य आहे. पण त्याचीही दोन्ही टोकं गडद असतात, हे लक्षात ठेवा.

प्रश्न : जिल्हावार पाऊस सरासरीपेक्षा किती टक्के कमी-जास्त हे नकाशावर दाखवताना पांढरा रंग शून्यावर येत नाही. मॅटप्लॉटलिबचं 'टूस्लोपनॉर्म' लावलं, आता शून्य बरोबर आलं, पण तुटीचे जिल्हे फारच भडक दिसतात. – दादर

उत्तर : तुटीची मर्यादा उणे १००, अधिक पावसाला मर्यादाच नाही. समजा तुमच्या डेटात कमाल अधिक २०० आहे. टूस्लोपनॉर्म शून्याच्या दोन्ही बाजू आपापल्या टोकापर्यंत वेगवेगळ्या ताणतं, म्हणून उणे ५० आणि अधिक १०० ला सारखाच गडदपणा मिळतो. 'सेंटर्डनॉर्म' घ्या, मध्य शून्य आणि 'हाफरेंज' १००. दोन्हीकडे एकच माप लागेल, आणि १०० च्या वरचे जिल्हे टोकाच्या रंगात जातील. कलरबारला (चार्टशेजारच्या रंगपट्टीला) वरच्या बाजूने बाण द्या, म्हणजे पुढेही आकडे आहेत हे कळतं.

हवामान खात्याच्या वर्गांतच दाखवायचं असेल तर सीमा ठरवताना एक बारकावा आहे. खात्यात उणे १९ ते अधिक १९ म्हणजे सरासरीइतका, आणि उणे २० पासून तूट. तुम्ही सीमा उणे २० लिहिलीत तर बाउंडरीनॉर्म सीमेवरची किंमत वरच्या वर्गात टाकतं, आणि बरोबर उणे २० चा जिल्हा सरासरीत बसतो. टक्केवारी पूर्णांकात करून सीमा अर्ध्यावर ठेवा: उणे ९९.५, उणे ५९.५, उणे १९.५, १९.५, ५९.५, आणि वर एक मोठा आकडा. उणे १००, म्हणजे पाऊसच नाही, तो आपोआप 'अंडर'मध्ये जातो. त्याला वेगळा रंग द्या. तुटीला तपकिरी आणि अधिकला निळा-हिरवा हे मराठवाडा-कोकणच्या नकाशाला शोभतं आणि रंगभेदाच्या चाचणीतही टिकतं.

प्रश्न : २४ वॉर्डांच्या २४ रेषांना २४ वेगळे रंग कसे काढू? – परळ

उत्तर : काढू नका. आठाच्या पुढे डोळा रंग आणि लेजंड यांची जोडी लावू शकत नाही. सगळ्या रेषा फिक्या राखाडीत (२००, २००, २००) बारीक काढा आणि ज्या दोन-तीन वॉर्डांबद्दल बोलायचं आहे तेवढेच रंगीत आणि जाड. सगळेच वॉर्ड सारखे महत्त्वाचे असतील तर २४ छोटे चार्ट, सहा बाय चार, सगळ्यांना एकच उभा अक्ष.

प्रश्न : रिपोर्ट स्क्रीनवर छान दिसतो, पण त्याची झेरॉक्स काढून वाटतात. काय करावं? – फोर्ट

उत्तर : एकाच दिशेने गडद होणारं पॅलेट झेरॉक्समध्ये टिकतं. तूट-अधिक दाखवणारं दोन टोकांचं टिकत नाही, कारण काळ्या-पांढऱ्यात दोन्ही टोकं सारखीच काळी होतात. तिथे तुटीच्या बाजूला तिरप्या रेषांचं हॅचिंग द्या, मॅटप्लॉटलिबच्या बारमध्ये 'हॅच' हा पर्याय आहे. पाठवण्याआधी चार्टची इमेज पायथनच्या पिलो लायब्ररीने 'एल', म्हणजे काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये बदलून एकदा बघा. आणि रिपोर्ट छापखान्यात जाणार असेल तर भडक निळे आणि हिरवे शाईत मळके होतात. पॅलेटची तीव्रता आधीच थोडी उतरवा आणि छपाईआधी प्रूफ मागून घ्या.